तांब्याभर तीर्थ

आमच्या घरी तीर्थ पळीने नाही, तांब्याने प्यायची पद्धत होती. सकाळी कोणी पाहुणा आला आणि त्याने माझ्या मुलीला देवघरापुढे उभं राहून अख्खा तांब्या घटाघटा रिकामा करताना पाहिलं, की तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, "गुरुजी, हे कोणतं व्रत हाय जी?" मी काहीतरी पुटपुटून चहाचं विचारायचो. खरं सांगायची लाज वाटे. मी शाळामास्तर. आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभा राहून अंधश्रद्धेवर तावातावाने बोलत आलेला माणूस. आणि माझ्याच घरात दवाखान्याच्या गोळ्यांचा स्टीलचा डबा देवांच्या रांगेत बसलेला. त्याला रोज हळदकुंकू, रोज फूल.

हे माझंच कर्तृत्व होतं. दुसऱ्या कोणाला दोष द्यायची सोय असती तर मी नक्की दिला असता.

मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा तिच्या हातापायांची बोटं एकाएकी सुजली. हात लावला की किंचाळायची. शेजारच्याच घरात माझा मोठा भाऊ आणि वहिनी राहायचे. मध्ये काटक्यांचा एक कुड होता, पण त्यालाही ये-जा करायला वाट ठेवलेली. त्यांना मूल नव्हतं, त्यामुळे माझी मुलगी निम्मी त्यांची. पुढे बोलायला लागल्यावर ती भावाला मोठे बाबा आणि वहिनीला मोठी आई म्हणायची. तर वहिनीने निदान केलं की लेकराला नजर लागली. बायको म्हणाली, मातामाय कोपली, आणि गावाबाहेरच्या कडुनिंबाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ फोडून आली. मी म्हणालो, थंडी बाधली, आणि मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळत बसलो. चार दिवसांनी सूज उतरली आणि तिघांनीही श्रेय घेतलं.

पण ते परत परत यायला लागलं. कधी पाय, कधी पाठ, कधी पोट. डोळ्यांत पिवळी झाक. ती चार वर्षांची असताना शाळेत रक्त तपासायला दवाखान्याची माणसं आली. सुई बघून पोरं पसार व्हायला लागली. मी मोठा शहाणा. अंगणवाडीतून मुलीला उचलून आणलं, टेबलावर बसवलं आणि सगळ्यांपुढे तिच्या बोटाला सुई टोचून घेतली. "बघा, एवढीशी पोरगी रडत नाही. तुम्ही घोडे झाले तरी पळता?" ती खरंच रडली नाही. ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिली. पोरं निमूट रांगेत आली आणि मी दिवसभर छाती काढून फिरलो. काही दिवसांनी निकाल आले. अख्ख्या शाळेत एकच लाल कार्ड निघालं, ते तिचं.

सिकलसेल हा शब्द आमच्या भागात कोणाला नवा नाही. पण दुसऱ्याच्या घरातला शब्द वेगळा आणि आपल्या ओसरीवर येऊन बसलेला वेगळा. गोल असायला हव्यात त्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे जीव नकोसा होईल असं दुखतं. हे आयुष्यभराचं. तोवर आमच्या घरात एक दबकं भांडण चालू होतं. बायकोला वाटे, हे दुखणं माझ्या घराण्याचं. मला खात्री होती की ते तिच्या माहेरचं. मग आमचंही रक्त तपासलं आणि दोघांच्या हातात एकेक पिवळं कार्ड पडलं. म्हणजे खोट दोघांतही निम्मी निम्मी. आम्हाला त्याचा त्रास नाही, पण लेकरात दोन्हीकडची एकत्र आलेली. परतीच्या बसमध्ये बायको दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत होती.

"लग्नाच्या वक्ती पत्रिका पाह्यली आपली," ती म्हणाली, "हे पाह्यलं असतं तं."

भांडण तिथेच संपलं, आणि खरं सांगतो, ते चालू होतं तेव्हा बरं होतं. निदान राग काढायला कोणीतरी समोर होतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकलेल्या, बोलायला तिखट. त्यांनी माझ्यापुढे तीन बोटं धरली. "गुरुजी, रोजची गोळी. भरपूर पाणी. आणि थंडीपासून जपायचं. बाकी काही इकडचं तिकडं झालं तरी चालेल, या तीन गोष्टींत खाडा नको."

थंडीचं आमच्या हातात होतं. गोळी आणि पाणी मुलीच्या हातात होतं, आणि हट्टीपणात ती माझ्यावर गेलेली. गूळ दिला, गोष्टी सांगितल्या, रागावलो, एकदा तर मारलंसुद्धा. गोळी गालात धरून ठेवायची आणि आमची पाठ फिरली की थुंकायची. ओसरी झाडताना सतरंजीखाली गोळ्या सापडत. वहिनीने एकदा कोंबड्यांच्या खुराड्याजवळ पाच निवडून काढल्या आणि माझ्यापुढे आणून ठेवल्या. "भाऊ, तुमच्या कोंबड्या लय धट्ट्याकट्ट्या होऊन राह्यल्या, म्हून म्हटलं पाहावं काय खातेत." वहिनी हसली, मला मात्र रडू येईल असं झालं होतं.

मग महाशिवरात्रीला आम्ही सगळे मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. गर्दीत कोणीतरी मुलीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तो हातातून निसटून खाली पडला, धुळीत लोळला. मी "टाक, टाक" म्हणेपर्यंत तिने तो उचलून कपाळाला लावला आणि तोंडात घातला. घरी दुधावर साय दिसली तरी ओकारी काढणारी पोर! मी विचारलं, "काऊन खाल्ला व?" ती म्हणाली, "परसाद हाय ना बाबा. परसाद फेकत नसतेत." हे तिला मोठ्या आईने शिकवलेलं.

माझ्या डोक्यात तिथेच दिवा लागला. दुसऱ्या दिवशी गोळ्यांचा डबा देवघरात गेला. सकाळी गरम पाण्याने आंघोळ, मग देवापुढे दिवा, फूल, आणि मग मी गंभीर चेहऱ्याने तिच्या उजव्या हातावर ती छोटी गोळी ठेवली. "हा तुहा परसाद. देवानं खास तुह्यासाठी ठेवला." तिने कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. "आन हे तीर्थ," म्हणून मी तांब्या दिला. तोही तिने संपवला. तरी माझा विश्वास नव्हता. "आ कर," मी म्हणालो, आणि जिभेखाली, गालाच्या आत बोट फिरवून पाहिलं. काही नव्हतं. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी शाळेत कोणालाही मारलं नाही.

बायको चिडली. देवावर तिचा खरा विश्वास, आणि मी त्या विश्वासाशी चालबाजी केली असं तिला वाटलं. "देवाच्या नावानं लेकराशी खोटं बोलून राह्यले तुमी," ती म्हणाली. "आन शाळेत पोराइले काय शिकवता?" मी म्हणालो, तू तुझा देव सांभाळ, मी माझी मुलगी सांभाळतो. आठ-दहा दिवस ती घुश्शात होती. मग एका सकाळी बघतो तर डब्याला हळदकुंकू लागलेलं. "परसाद हाय म्हणता तं परसादावानी ठेवा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून नियम तिचे. आंघोळीशिवाय डब्याला हात नाही. डावा हात नाही. दिवा लागल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मला ते पटलंच. जितके नियम जास्त तितकी गोळी चुकायची भीती कमी, असा माझा हिशेब.

मुलीला मात्र शंका फार.

"बाबा, देवाले बी सिकल हाय का?"

"नाई बाई."

"मंग त्याच्यापाशी गोळ्या कायले?"

"तुह्यासाठी सांभाळून ठेवते तो."

"मंग तो चांगला हाय," ती म्हणाली आणि तांब्याला तोंड लावलं.

ती वर्षं आठवली की अजूनही आत कुठेतरी ऊब येते. आमचं सगळं वर्ष त्या तीन बोटांवर चालायचं. रोवणीच्या दिवसांत भाऊ बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल करत असायचा, गावातल्या बाया ओळीने वाकून गाणी म्हणत धान लावायच्या. मुलीला चिखलात पाय घालायची बंदी होती, म्हणून तिने स्वतःला मुकादम नेमून घेतलं होतं. प्लास्टिकची खोळ पांघरून बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. बाया तिला "मुकादमीणबाई" म्हणायच्या आणि ती ते मनावर घ्यायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, भावाने तिला सागाचा बैल करून दिला. इतर पोरं बैलाला झूल घालायची, हिने तिच्या बैलाला स्वेटर घातला. वहिनीने विणलेला, जुना, तिलाच लहान झालेला. "त्याले थंडी बाधते," असं सगळ्यांना सांगत ती दारोदार बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागत फिरली. बोजाऱ्याचे पैसे तिने मोठ्या बाबांच्या हातात दिले. बैल त्यांनी केला होता ना, म्हणून.

धान कापणीला आलं की हवेत बदल व्हायचा. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा आणि रात्रीची नाटकं, सुरू व्हायच्या, लोक आनंदात, आणि मी आभाळाकडे बघत थंडी किती पडेल याचा अंदाज घेत बसलेला. वहिनी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळून मुलीच्या पायाशी ठेवायची. धानानंतर बांधीत लाखोळीची डाळ यायची. तिची कोवळी भाजी आणि गरम भात मुलगी चुलीला चिकटून खायची. शिमग्याच्या सुमारास मोहफुलं पडायला लागली की मी सुटकेचा श्वास टाकायचो. त्या गोड, जडसर वासाचा आणि माझ्या मनाचा असा संबंध जडला आहे की आजही तो वास आला की वाटतं, चला, एक हिवाळा निभावला.

पाच वर्षं असंच निभावलं. अधूनमधून दुखायचं, एक-दोनदा दवाखान्यात राहावं लागलं. पण गोळीत एका दिवसाचा खाडा नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना छातीठोक सांगायचो. कशी देतो ते मात्र सांगत नव्हतो.

मग पौषात माझा भाऊ गेला. सकाळी बांधीकडे निघाला होता, अंगणातच बसला, आणि वहिनी पाणी आणेपर्यंत संपलं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

माझा भाऊ मला वडिलांच्या जागी. मी शिकावं म्हणून तो नांगराला लागला. त्याच्या जाण्याने मी पार कोसळलो. घरात रडारड, पाहुणे, नदीवर जाणं-येणं. घरात सुतक आलं, तसं बायकोने रीतीप्रमाणे देवघरावर पांढरं फडकं टाकलं. दहा दिवस देवाला हात नाही, दिवा नाही, फूल नाही. हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात विचार करायचं काही नव्हतं. फडकं टाकताना मी तिथेच उभा होतो. फडक्याखाली देव होते. देवांच्या रांगेत डबा होता.

आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पोटच्या पोरीचं औषध विसरतात का? पण आमच्या घरात ते औषध राहिलंच नव्हतं. पाच वर्षांत मी ते इतकं पक्कं प्रसाद करून ठेवलं होतं, की देव बंद झाले तसा प्रसादही बंद झाला. कोणाच्या मनात साधी पालसुद्धा चुकचुकली नाही. आणि गोळीबरोबर तीर्थही गेलं. सकाळचा तो तांब्याभर पाण्याचा शिरस्ता मोडला. थंडीचे दिवस, तहान कमी, पाणी पी म्हणून मागे लागायला कोणी शुद्धीवर नाही. मुलगी स्वेटरशिवाय अंगणात माणसांत फिरत होती.

आठव्या दिवशी दुपारी ती मोठ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. वहिनी स्वतःच्या दुःखात. मध्येच तिला जाणवलं की लेकरू थरथरतंय. तिने मला हाक मारली. मी मुलीला उचलायला गेलो तर ती ओरडली. पाय, पाठ, छाती, कुठेही हात लावू देईना. श्वास घेतानाही कण्हत होती. शेजाऱ्याच्या गाडीतून गडचिरोलीला नेलं. वहिनी पांढऱ्या लुगड्यानिशी आमच्याबरोबर निघाली. दहावा झाल्याशिवाय विधवेने घराबाहेर पडायचं नसतं असं कोणी बाई म्हणाली, तर वहिनीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सलाईन लागलं, ऑक्सिजन लागला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "गोळ्या चालू होत्या ना?"

"देव बंद होते," मी म्हणालो.

त्यांना काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मार्कंड्याचं खोबरं, डबा, तांब्या, फडकं. सांगताना माझं मलाच ऐकवेना. मला वाटलं, आता झाडतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "थंडीनंही झालं असेल, पाणी कमी पडल्यानंही. कशानं झालं ते नेमकं मला सांगता येणार नाही. पण यापुढे देव बंद ठेवा, गोळी चालू ठेवा."

दोन दिवस तिचं काही खरं नव्हतं. मी पलंगाशेजारी बसून होतो. एरवी देवाची थट्टा करणारा मी, त्या दोन दिवसांत कोणाकोणाची नावं घेतली ते मलाच ठाऊक. मार्कंड्याचं घेतलं, चंद्रपूरच्या महाकालीचं घेतलं, कडुनिंबाखालच्या त्या दगडाचंही घेतलं. गेलेल्या भावाला म्हणालो, तू तिला नेऊ नको रे, तुला एवढंच करमत नसेल तर मला ने.

तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं. तिने पाणी मागितलं, स्वतः पेला धरून प्यायली. मी ठरवलं होतं, आता खोटं नको. म्हणालो, "बाई, तो परसाद नोहोता. ती गोळी होती, दवाखान्याची. मी तुले फसवलं."

ती म्हणाली, "मले माहीत हाय."

"कवापासून?"

"दुसरीत होतो तवापासून. पाकिटावर नाव लिहून असते ना. वाचता येते मले."

दुसरीत वाचायला मीच शिकवलं होतं.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमाले बरं वाटे," ती म्हणाली.

तरी मी विचारलंच. "मंग या आठ दिवसांत मांगितली काऊन नाई, बाई? तुले तं माहीत होतं."

ती छताच्या पंख्याकडे बघत होती. "तुमी रडून राह्यले होते. मोठी आई रडून राह्यली होती. आई म्हणे, देवाच्या फडक्याले हात लावू नका. कोणाले मांगू?"

वहिनी पायथ्याशी बसली होती. तिने पदर तोंडात धरला. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा ती तशी रडली नव्हती.

घरी आल्यावर बायकोने जे केलं त्यावर तिने एका शब्दाची चर्चा केली नाही. तेरवी उरकली, देव उघडले. तिने डबा देवघरातून काढला आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाशेजारी ठेवला. माठाला कुंकवाचं बोट लावलं, वर एक जास्वंद ठेवलं. मी बघत होतो. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सुतक देवाले असते. पाण्याले नाई. पाणी तं मेल्याच्या घरी बी पेवाच लागते." त्यानंतर आमच्याकडे रोज दोन पूजा होत. एक देवाची, एक माठाची.

पुढे मुलगी मोठी झाली, बाजूला बसायला लागली. त्या दिवसांत आमच्याकडे पाण्याच्या माठाला शिवायची रीत नाही. मला आदल्या वर्षापासूनच धास्ती होती आणि मी बायकोशी भांडायची पूर्ण तयारी करून ठेवली होती. मुद्देसुद्धा काढून ठेवले होते, एक, दोन, तीन. त्या दिवशी शाळेतून आलो तर मुलीच्या कोपऱ्यात एक नवा छोटा माठ, त्याला कुंकू, वर फूल, शेजारी डबा. बायको भर दुपारी बाजारात जाऊन डोक्यावरून घेऊन आली होती. माझे सगळे मुद्दे वाया गेले. वर्षभराने तो छोटा माठ फुटला. नवा कोणी आणला नाही, आणि मुलगी महिन्याचे तीसही दिवस मोठ्या माठातलं पाणी घ्यायला लागली. बायकोने ते पाहिलं नाही असं नाही.

आता मुलगी चंद्रपूरला कॉलेजात आहे, वसतिगृहात राहते. रोज सकाळी तिचा फोन येतो. "घेतली?" मी विचारतो. "घेतली," ती म्हणते. कित्येकदा एवढंच बोलणं होतं. पण त्या एका शब्दावर माझा दिवस उभा राहतो. फोनला दहा मिनिटं उशीर झाला तर मी अंगणात येरझाऱ्या घालतो आणि बायको म्हणते, बसा जी, तुमचंच काही होईन.

झालंही. निवृत्त झालो आणि रक्तदाब निघाला. रोज सकाळी एक गोळी, आयुष्यभर. माझ्या वाट्याला काय यावं! घरी आणलेली गोळ्यांची पट्टी कुठे ठेवावी म्हणून फिरत होतो आणि पाय आपोआप देवघरापुढे थांबले. देवांच्या रांगेत तिच्या डब्याची जागा तशीच होती, कोणी भरली नव्हती. मी पट्टी तिथे ठेवली. सकाळी दिवा लावायचा, गोळी कपाळाला लावायची, तांब्याभर पाणी प्यायचं. कोणाला फसवायचं नव्हतं. तेवढा वेळ ती शेजारी उभी आहे असं वाटायचं, बस. बायको एकदा म्हणाली, "म्हातारे झाले, पण अक्कल काही आली नाई तुमाले." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

यंदा उन्हाळा सरता सरता वहिनी गेली. शेवटपर्यंत हिंडतीफिरती होती, दोन दिवसांच्या तापात गेली. आदल्या दिवशी मला म्हणत होती, पोरीले सांगा, परीक्षा झाल्याशिवाय येऊ नोको. पेपर संपवून मुलगी आली तेव्हा चौथा दिवस होता. बस फाट्यावर सोडते, तिथून उन्हात चालत आली. आधी मोठ्या आईच्या रिकाम्या घरात जाऊन बसली. कुडातल्या वाटेने आमच्याकडे आली तेव्हा डोळे लाल होते. मी ओसरीवर भिंतीला टेकून होतो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि रडायची थांबली. "बाबा, चेहरा असा काऊन सुजून राह्यला तुमचा?"

"उन्हानं."

"डोकं दुखून राह्यलं का?"

"थोडंसं. चार दिवस झाले."

"गोळी चालू हाय ना?"

माझी नजर आत गेली. देवघरावर पांढरं फडकं होतं.

तीही तिकडे बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली. बायको मधल्या दारात उभी होती. तिच्या मागून मला दिसलं, मुलीने फडक्याचं टोक धरलं, उचललं, देवांच्या रांगेत हात घातला आणि पट्टी बाहेर काढली. न्हाणं नाही, दिवा नाही. बायको बाजूला सरली आणि तिला वाट दिली. मग स्वतःच जाऊन माठातून तांब्या भरून आणला.

मुलीने गोळी माझ्या उजव्या हातावर ठेवली. मी सवयीने कपाळाला लावली, तोंडात टाकली, आणि मुलगी बघत असताना अख्खा तांब्या संपवला. मला वाटलं, झालं. ती तशीच उभी राहिली.

"आ करा," ती म्हणाली.

मी आ केलं.